न ओढलेली नखं

नखं लावून झाली की गिऱ्हाईक फोटो काढतं. कॉफीच्या कपाभोवती हात, गाडीच्या स्टिअरिंगवर हात, नवऱ्याच्या खांद्यावर हात. नखं काढून झाल्यावर मात्र कुणी फोटो काढत नाही. आतून निघालेलं नख फिकट असतं, कोरडं असतं, मधेच पांढुरके डाग असतात, आणि त्या बाईला ते लवकरात लवकर नजरेआड करायचं असतं. म्हणून आमच्या धंद्यात लावणारीचं नाव होतं, काढणारीचं होत नाही. माझ्या पार्लरच्या भिंतीवरच्या दरपत्रकातसुद्धा ॲक्रिलिक एक्स्टेन्शन सगळ्यात वर, ठळक अक्षरात, १५०० रुपये. रिमूव्हल अगदी तळाशी, ३०० रुपये, आणि त्याच्यापुढे कंसात ‘नवीन सेट केल्यास मोफत’.

मी आजवर कुणाचं नख ओढून काढलेलं नाही. हे मी नव्या मुलींना सांगते, गिऱ्हाइकांना तर हमखास सांगते. डोंबिवलीत इतकी वर्षं पार्लर चालवतेय, त्यामुळे ऐकणाऱ्याला ते पटतंही. आणि ते खोटं नाही. पण हल्ली शटर खाली केल्यावर गल्ल्याचा हिशेब लिहिताना वाटायला लागलंय की हे वाक्य मी जरा जास्तच वेळा बोलते. जे इतक्यांदा सांगावं लागतं त्यात काहीतरी झाकलं जात असणार. तेव्हा हा अभिमान एकदा उजेडात धरून बघू म्हटलं.

न ओढणं म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. ॲक्रिलिक म्हणजे एक द्रव आणि एक पूड. ब्रश द्रवात बुडवून पुडीला टेकवला की त्याच्या टोकाला ओला मणी येतो, तो नखावर पसरायचा, आणि बघता बघता तो टणक होतो. द्रव असतो इथिल मेथाक्रिलेट. पुडीत त्याच घराण्यातलं तयार प्लास्टिक आणि चिमूटभर बेन्झॉइल पेरॉक्साइड असतं, आणि दोघांची गाठ पडली की साखळ्या जुळायला लागतात. मुळात हे दातांच्या डॉक्टरांचं सामान. १९५४ मध्ये फ्रेडरिक स्लॅक नावाच्या अमेरिकन दंतवैद्याचं काम करताना नख तुटलं आणि त्याने दवाखान्यातलंच ॲक्रिलिक आणि फॉइलचा तुकडा वापरून ते सांधलं, अशी या धंद्याची जन्मकथा सांगतात. ॲक्रिलिक खूप बदललं, फॉइल काही आमच्या टेबलावरून गेलं नाही.

काढताना सगळा खेळ वेळेचा असतो. आधी नुसते हात बघायचे. कुठे कड उचलली आहे, कुठे हिरवट डाग आहे, कुठलं बोट दाबलं तर बाई हात मागे घेते. हिरवा डाग दिसला की सगळ्या जणी बुरशी म्हणतात, पण उचललेल्या जागेत ओल साचून वाढलेले ते स्यूडोमोनास नावाचे जिवाणू असतात. सूज असेल, पू असेल, तर आमचं काम संपलं, तिने डॉक्टरकडे जावं. सगळं ठीक असेल तर लांबी कापायची, वरचं जेल पॉलिश घासून काढायचं, कारण त्यातून ॲसिटोन लवकर आत शिरत नाही. मग ॲक्रिलिकची जाडी फाईलने उतरवायची, पण शेवटचा पातळ थर ठेवायचा. त्या थरापलीकडे लगेच तिचं नख आहे आणि फाईलला दोन्हींतला फरक कळत नाही, हाताला कळावा लागतो. बोटांच्या कडांना व्हॅसलिन, नखाएवढा कापूस शुद्ध ॲसिटोनमध्ये भिजवून नखावर, वर फॉइलची घट्ट घडी. आणि मग थांबायचं. वीस मिनिटं, तीस मिनिटं, कधी त्याहून जास्त. या वेळात बाईला फोन धरता येत नाही, चहाचा कप उचलता येत नाही. कदाचित म्हणूनच ती याच वेळात खरं बोलायला लागते.

वीस मिनिटांनी एकच फॉइल उघडायचं, दहा नाही. भिजलंय की नाही ते साबुदाण्यासारखं ओळखायचं. वरून फुगलेला दिसतो, पण चिमटीत दाबल्यावर आत कडक कण लागला तर अजून वेळ आहे. लाकडी काडीने हलकेच पुढे सारायचं. जेवढं आपणहून सरकेल तेवढं सरकू द्यायचं, राहिलेल्यावर पुन्हा कापूस, पुन्हा फॉइल.

आणि ओढणं? उचललेल्या कडेखाली धातूचा पुशर घालायचा आणि मनगट वळवायचं. टक्. अख्खा तुकडा हातात. ‘अय्या, किती पटकन!’ म्हणून गिऱ्हाईकही खूश. तो तुकडा उलटा करून दिव्याखाली धरला तर आतल्या बाजूला एक पांढरा, अगदी पातळ पापुद्रा दिसतो. तो ॲक्रिलिकचा नसतो, तिच्या नखाचा वरचा थर असतो. मुळात नखाची जाडी ती केवढी, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. त्यातलं एवढं माझ्या टेबलावर राहिलं तर ती घरी काय घेऊन गेली?

यातली खरी गोम पुढे आहे. नख मेलेल्या पेशींचं, त्यामुळे थर गेला तरी त्या क्षणी दुखेलच असं नाही. चार दिवसांनी लिंबू पिळताना झोंबतं, गरम पाण्यात हात घातला की कळ येते, नख कागदासारखं वाकतं. आणि तेव्हा ती मैत्रिणीला सांगते, ‘ॲक्रिलिकने माझ्या नखांची वाट लागली.’ आळ ॲक्रिलिकवर. ज्या हाताने ओढलं त्याचं नावही निघत नाही. बोटाचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत नवं यायला सहा महिने. तोवर तिने दुसरा सेट लावलेला असतो आणि पुरावा त्याच्याखाली झाकलेला असतो. एवढी सोय चोराला कुठल्या घरात मिळते?

इतकी सोय असून मी ओढत नाही, म्हणजे मी प्रामाणिक, असं माझं साधं गणित होतं.

पण ते तपासायला बसल्यावर कळलं की मला ओढण्याचा मोहच होत नाही. जिने मला शिकवलं तिने हात असा घडवला की पुशर कडेखाली जाताच मनगट आपोआप थांबतं. घाई असली तरी थांबतं, डोकं दुखत असलं तरी थांबतं. यात माझं काय? मोह होतच नाही तिथे तो टाळल्याचं श्रेय कुठून आणायचं? ते शिकवणारीच्या खात्यावर जमा करायला हवं. शिवाय रिव्ह्यूची भीती असतेच. एका बाईने चार तारे कमी दिले की आठवडाभर फोन कमी येतात. मनाची नाही तरी जनाची म्हणतात, तसं.

एका प्रसंगाने मात्र थोडं बरं वाटलं होतं, ते नाकारत नाही. संध्याकाळी उशिरा एका नवऱ्याचा फोन आला. बायकोचं दुसऱ्या दिवशी सकाळी सिझर होतं आणि हॉस्पिटलने नखं काढून या म्हणून सांगितलं होतं. बोटाला लावतात त्या ऑक्सिमीटरचा उजेड नखातून पलीकडे जावा लागतो, जाड रंगवलेल्या नखाने रीडिंगमध्ये गडबड होऊ शकते. ती आली, पण तिला एका जागी बसवत नव्हतं. खिडक्या उघडल्या, पंखा तिच्या पाठीमागून लावला म्हणजे वास तिच्याकडे जाणार नाही, पाच-पाच बोटं केली, मधे तिला फिरू दिलं. नवरा सारखं घड्याळ बघत होता. मी त्याला म्हटलं, दादा, सगळी दहा झाली नाहीत तरी घाबरू नका, तो चिमटा कानाच्या पाळीलाही लावतात, हॉस्पिटलला फोन करून विचारा. त्याने विचारलं, आणि मग तोही खुर्चीवर टेकला. ती बाई पुढचं वर्षभर तरी माझ्याकडे फिरकणार नव्हती, हे मला दिसत होतं. हात तरीही तसेच चालले. हे एवढं मी माझ्या बाजूला लिहून ठेवलंय. दुसऱ्या बाजूला बरंच आहे.

तो दरपत्रकातला कंसच घ्या. बाई नखं काढायला येते तेव्हा तिला त्यांचा कंटाळा आलेला असतो. कणकेत हात घालता येत नाही, लेकराला ओरखडा येईल अशी भीती वाटते, कानात बोट घालायची चोरी. ती स्वच्छ म्हणते, ‘ताई, आता नको.’ मी फॉइल लावता लावता म्हणते, ‘लांब नको तर शॉर्ट करू या ना, न्यूड शेड, ऑफिसला पण चालेल. मग रिमूव्हल फ्री पडेल तुम्हाला.’ हे मी जबरदस्तीने म्हणत नाही, हसत म्हणते. तिची दहाही बोटं फॉइलमध्ये अडकलेली असताना म्हणते. नख चांगलं असेल तर लगेच नवा सेट केल्याने आभाळ कोसळत नाही, हे खरं आहे. पण नख पातळ झालेलं दिसत असताना मी कितीदा थांबले? थांबते, पण आधी माझी नजर कॅलेंडरवर जाते. लग्नसराई असली तर थांबणं सोपं जातं, कारण पुढचं गिऱ्हाईक दारात उभं असतं. पितृपक्षात तेच नख मला जरा जाड दिसायला लागतं.

आणि ते श्वास घेण्याचं प्रकरण. नखांना श्वास घ्यायला मोकळं सोडा, असं सगळ्या जणी म्हणतात. नख श्वास घेत नाही. मुळाशी जिथे ते तयार होतं तिथे लागेल तो ऑक्सिजन आणि पोषण रक्तातून येतं, वरून काही जात नाही. मला हे चांगलं ठाऊक आहे. पण नखाचं सीरम विकायचं असलं की माझ्याच तोंडून निघतं, ‘थोडे दिवस नखांना ब्रीद करू द्या, हे सीरम लावा.’ आणि सेट विकायचा असला की ‘अहो, नखांना श्वास वगैरे काही नसतो, ते गैरसमज आहेत.’ दुसरं वाक्य शंभर टक्के खरं आहे. पण मी ते खरं आहे म्हणून बोलत नाही, त्या वेळी कामाला येतं म्हणून बोलते. साध्या तेलाने भागतं हे सांगते कधीकधी, ज्यांना सीरम परवडणार नाही असं वाटतं त्यांना.

कुणाला काय परवडतं हे मी कपड्यांवरून ठरवते, हेही इथे लिहूनच टाकते.

चार घरी धुणीभांडी करणारी एक बाई बहिणीच्या लग्नासाठी माझ्याकडून नखं लावून गेली होती. चांगली लांब, टोकदार, वर चमकी. पैसे तिने साठवलेले होते आणि ती इतकी खुशीत होती की मीही खुशीत केली. लग्नानंतर रविवारी संध्याकाळी आली तेव्हा तीन नखं तिने घरीच काढली होती, कशाने ते विचारलं नाही, पण नखावर लाल चरे होते. सोमवारी सकाळी कामावर जायचं होतं. बाकीची सात मी नीट, वेळ घेऊन काढली. तेल लावलं. आणि सवयीप्रमाणे सूचना दिल्या. आठवडाभर पाण्यात जास्त हात घालू नका, साबण-सोड्यापासून जपा, काम करताना ग्लव्हज घाला.

ती हसली. ‘ताई, पाण्यापासून जपले तर खाऊ काय?’

त्या सूचना मी कित्येक वर्षं देत आलेय आणि त्या कुणाच्या हातांसाठी लिहिल्या गेल्यात हा प्रश्न मला तोवर पडलाच नव्हता. पातळ झालेल्या नखाला सगळ्यात जास्त त्रास पाण्याचा आणि सोड्याचा. ज्या हाताला तो त्रास चुकवताच येत नाही त्याच हाताला काढायला वेळ कमी, पैसा कमी, आणि ओढून काढणारीकडे जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त. सुरक्षित काढण्याची गोष्ट काढायच्या दिवशी सुरू होत नाही. ती लावायच्या दिवशीच सुरू होते, ‘तुम्ही काय काम करता?’ या प्रश्नापासून. तिचं काम मला ठाऊक होतं. आखूड ठेवू या, नुसतं पॉलिश करू या, असं मी म्हणू शकले असते. पण तसं म्हटलं असतं तर तिची हौस मोडली असती, आणि ‘तुला हे शोभत नाही’ असा अर्थ निघाला असता. हाही विचार खरा आहे. मात्र त्या दिवशी तो माझ्या मनात आला नव्हता, मी १५०० बघितले होते. आता मी विचारते. भांडी, शेती, नर्सिंग, लहान बाळ. नर्सला तर मी सांगतेच की ड्यूटीच्या आधी ही उतरवावीच लागतील. पेशंटला हात लावणाऱ्यांनी कृत्रिम नखं घालू नयेत असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या हात स्वच्छतेच्या मार्गदर्शक सूचनांतच आहे.

आता सगळ्यात अवघड पान. माझ्या हाताखाली मुली आहेत. त्यांना ठराविक पगार आणि वर कामावर पंधरा टक्के. सेटला दोन तास जातात, तिला २२५ रुपये सुटतात. रिमूव्हल नीट केलं तर तास जातो, तिला ४५ सुटतात. आणि कंसातलं मोफत रिमूव्हल असलं तर शून्य. हा हिशेब माझ्याच हाताने लिहिलेला, माझ्याच वहीत, आणि तो मी कधी असा शेजारी शेजारी मांडून बघितला नव्हता. तोंडाने मी म्हणते, ‘अगं, हळू. घाई करू नकोस.’ ती म्हणते, ‘हो मॅम.’ आणि बाराव्या मिनिटाला फॉइल उघडते, लाकडी काडीऐवजी पुशर उचलते. ती वाईट कारागीर नाही. तिला बदलापूरची लोकल पकडायची आहे आणि त्याआधी एक सेट बसवायचा आहे, कारण घरी पैसे सेटचेच जातात. पाट्या टाकतात म्हणून मी मुलींवर चिडत आले. पाटी त्यांच्या हातात कुणी दिली? माझं तोंड हळू म्हणत होतं आणि माझी वही पळ म्हणत होती, आणि दोघांपैकी कुणाचं ऐकायचं हे कुठल्याही शहाण्या मुलीला कळतं.

मी ओढलं नाही. माझ्या वहीने ओढलं.

रिमूव्हलला आता मुलींना तासाप्रमाणे पैसे मिळतात, मोफत असलं तरीही. फॉइल आता लवकर उघडत नाहीत. दरपत्रकातला कंस मात्र अजून तसाच आहे. तो पुसला तर पलीकडच्या गल्लीत गिऱ्हाईक जाईल, ही भीती खरी आहे की सोयीची, ते मला ठरवता आलेलं नाही.

आणि ‘सेफ रिमूव्हल’ असं मी काचेवर स्टिकर लावून लिहिलंय त्यातलं सेफ गिऱ्हाइकापुरतंच होतं, हेही ओघाने आलं. ॲसिटोन उणे २० अंशालासुद्धा पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, आणि ती वाफ हवेपेक्षा जड असल्याने खाली पसरते. माझा देव्हारा नेलच्या टेबलाशेजारी खालच्या कप्प्यात होता. सकाळी उदबत्ती, संध्याकाळी दिवा, आणि हातभर अंतरावर ॲसिटोनची वाटी. वाटी स्टीलची असावी, थर्माकोलचा कप ॲसिटोनने विरघळतो, एवढी काळजी मी घेत होते. दिव्याकडे लक्ष गेलं नाही, कारण देवाकडे संशयाने बघायची सवय नाही. देव आता काउंटरच्या मागे वर बसलेत आणि दिवा लागतो तेव्हा ॲसिटोनच्या बाटल्यांची झाकणं लावलेली असतात. ॲसिटोन लवकर काम करावं म्हणून ते तापवणाऱ्याही जणी आहेत. ५६ अंशाला ते उकळतं. आम्ही फॉइल लावलेल्या हातांवर कोमट टॉवेल टाकतो, बास.

मुलींच्या मास्कने धूळ अडते, वास अडत नाही. एक्झॉस्ट लावला तर एसी लागत नाही, आणि मे महिन्यात एसी लागला नाही तर गिऱ्हाईक कुरकुरतं, म्हणून एक्झॉस्ट बंद. तो कुणी बंद केला हे मी विचारत नसे. पातळ निळे ग्लव्हज ॲसिटोनपुढे फार वेळ टिकत नाहीत, ते सारखे बदलावे लागतात, आणि बदलायचे तर खोका लवकर संपतो. इथिल मेथाक्रिलेटच्या या घराण्याची ॲलर्जी एकदा बसली की सहसा जन्मभराची असते. बोटांच्या टोकांना भेगा, पापण्यांना खाज. ब्रिटनच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये जाहीर इशारा दिला होता, कारण तपासलेल्या पेशंटपैकी २.४ टक्क्यांना यातल्या कुठल्या ना कुठल्या रसायनाची ॲलर्जी निघाली होती. गिऱ्हाईक महिन्यातून एकदा येतं, मुलगी रोज आठ तास इथे बसते. आणि याच घराण्यातली रसायनं दाताच्या फिलिंगमध्ये असतात, गुडघा बदलताना लावायच्या सिमेंटमध्ये असतात. वीस-बावीस वर्षांच्या मुलीला आज बोटाला सुटलेली खाज साठाव्या वर्षी ऑपरेशन टेबलवर आडवी येऊ शकते. ‘जरा मॉइश्चरायझर लाव’ म्हणून तो विषय मिटवणं किती सोपं असतं, ते मी बघितलंय. आरशात.

राहिली ती नखं, जी सुटतच नाहीत.

कधीकधी अर्धा तास जातो, पाऊण तास जातो, फॉइल उघडलं तर नख होतं तसंच, वरून जराशी चिकट चकाकी आलेली. वास आठवणीतला, उग्र. अशा वेळी बहुधा इथिलऐवजी मिथिल मेथाक्रिलेट वापरलेलं असतं. ते स्वस्त पडतं, फार कडक होतं, नखाला घट्ट धरतं आणि ॲसिटोनला सहजी वश होत नाही. कुठे आपटलं तर ते तुटत नाही, आतलं नख घेऊन उखडतं. अमेरिकेत १९७० च्या दशकात नखं खराब झाल्याच्या, त्वचा सुजल्याच्या तक्रारी आल्या तेव्हा तिथल्या एफडीएने कोर्टात जाऊन हे द्रव बाजारातून काढायला लावलं होतं. आपल्याकडे कुणी कुठल्या बाटलीतलं काय लावलं हे लावून घेणारीला माहीतच नसतं. ती एवढंच सांगते की ऑफर होती.

अशा नखाला योग्य उपाय एकच आणि तो कंटाळवाणा आहे. आखूड कापायचं, फाईलने शक्य तितकं पातळ करायचं, खालचा थर ठेवायचा, आणि नख वाढेल तसं दर दोन-तीन आठवड्यांनी पुढचं कापत जायचं. हार्ड जेललाही तेच. बाईला हे ऐकायचं नसतं. ‘पण मला आजच सगळं काढायचंय.’ मी सांगते की मी ओढणार नाही. हे सांगताना माझा आवाज जरा भारदस्त होतो, हल्ली मला तो ऐकू येतो. ती पर्स उचलते आणि जाते. कुठे जाते तेही मला माहीत असतं. तिथे प्लास्टिकची टिप कडेखाली घालून दहा मिनिटांत दहाही उपटतात.

म्हणजे माझे हात स्वच्छ राहिले आणि तिची नखं गेलीच. ओढणार नाही या वाक्याने वाचवलं कुणाला? मला. तिला बसवून दीड तास मशीनने पातळ करत नेलं असतं, समजावलं असतं, तर कदाचित ती थांबली असती. कदाचित नसती. सगळ्यांसाठी दीड तास माझ्याकडे नाही, आणि ‘सगळ्यांसाठी नाही’ म्हणून मी समोर बसलेल्या एकीलाही देत नाही, हेही मला कळतं.

आता मी एवढं करते. ती उठायच्या आत तिला म्हणते, ‘बसा दोन मिनिटं, निदान लांबी तरी कापून देते आणि वरून थोडं उतरवते.’ लांब आणि जाड नखाला उपटताना जोर फार लागतो, आणि तो सगळा मुळाशी येतो. आखूड आणि पातळ असेल तर दुसरीने ओढलं तरी तेवढं नख जाणार नाही. म्हणजे जे मी करणार नाही म्हणते, ते दुसरीने करावं याची मी एका अर्थी तयारी करून देते. याचं काय करायचं हे मला अजून समजलेलं नाही. त्याचे मी शंभर रुपये सांगते. काही जणी देतात. काही जणी विचारतात, ‘काढलं तर नाहीच, मग पैसे कसले?’ त्यावर माझ्याकडे उत्तर आहे. ते त्यांना पटत नाही, आणि रोज रात्री मलाही पटतं असं नाही.